वटवृक्ष लिलावात ठेवू नका, ताई

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या 63 वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. लग्नानंतर त्या सासूबाईंकडून कातरकाम शिकल्या. सासूबाई गौरी-गणपतीची मखरं, पताका, देवघरामागची जाळी असं सगळं घोटीव आणि पतंगी कागदातून कापायच्या. ताईंनी ते काम पुढे वाढवलं. चौकटीत बसवलेली आणि वह्यांत जपलेली मिळून आज घरात साठेक कामं आहेत. त्यांच्या शहरात एका विश्वस्त संस्थेचं छोटं संग्रहालय आहे. त्याचं छत गळतं, आणि दुरुस्तीसाठी निधी उभा करायला दिवाळीआधी दोन दिवसांचं विक्री-प्रदर्शन भरणार आहे. शेवटच्या संध्याकाळी निवडक कामांचा लिलाव होईल. संस्थेचे कार्यवाह घरी येऊन 20 कामं मागून गेले. त्यांना विशेष हवा आहे तो चार फुटी वटवृक्ष. सासूबाईंच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी अंथरुणातून रेखाटनं काढून दिली आणि ताईंनी ती कापली, तो हा वटवृक्ष. यजमान म्हणतात, "कागदच तर आहे, देऊन टाक." मुलगी चिडली आहे. मांडववाल्याला पैसे, चहावाल्याला पैसे, आईकडूनच तेवढं फुकट, असं तिचं म्हणणं. परदेशातला मुलगा म्हणतो, आईचं काम संग्रहालयात जातंय, आणखी काय हवं? ताई विचारतात, "द्यावं की नाही? अटी घातल्या तर कोतेपणा दिसेल का? आणि कागदाचं कुणी विकत घेतलंच नाही, तर चारचौघांत शोभा होईल त्याचं काय?"

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "आपलं काम संग्रहालयात लागावं ही इच्छा मनात होतीच, म्हणून तोंडातून नाही निघालं नाही." तुमच्या प्रश्नांची उत्तरं देण्याआधी मला याबद्दलच बोलायचं आहे, कारण कार्यवाहांनी जे मागितलं आहे त्यातून ही इच्छा पुरी होणार नाही. विक्री-प्रदर्शनात मांडलेलं काम संग्रहालयाच्या इमारतीत येतं ते तिथून बाहेर जाण्यासाठी. दोन दिवसांनी ते कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुणाच्या दवाखान्यात किंवा भेट म्हणून तिसऱ्याच गावी गेलेलं असेल. कुणाकडे गेलं हे संस्थेने लिहून ठेवलं तर ठेवलं.

संग्रहात दाखल होणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे वस्तूची नोंदवहीत नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, कुणी दिली, कधी दिली, कशाची आहे, कुणी केली हे लिहिलं जातं, आणि देणारा व संस्था यांच्यात दानपत्र होतं. अशी वस्तू पुढे विकून संस्थेने रोजचे खर्च भागवू नयेत, असा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या आचारसंहितेचा दंडक आहे. म्हणजे संग्रहाला दिलेली वस्तू राहावी म्हणून दिलेली असते आणि निधीला दिलेली विकली जावी म्हणून. दोन्ही देणं चांगलंच आहे, पण तुमच्या मुलाच्या मनात पहिलं आहे आणि कार्यवाह दुसरं मागत आहेत. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. छत गळत असताना माणूस ज्या घाईत असतो, त्या घाईत त्यांनी मागितलं आणि तुम्ही ऐकलं. आता मात्र हे दोन वेगळे करून बघा. तुमची बरीच घालमेल तिथेच कमी होईल.

वटवृक्षाबद्दल मी स्पष्टच सांगते. तो लिलावात ठेवू नका. सासूबाईंच्या शेवटच्या दोन वर्षांतली त्यांच्या हातची रेघ आणि तुमची कात्री एकत्र असलेलं दुसरं काम तुमच्याकडे नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. लिलावात त्याला किती बोली लागेल हे त्या संध्याकाळी हॉलमध्ये कोण बसलंय यावर ठरेल. कामाच्या मोलाशी त्याचा फारसा संबंध नसेल. पाऊस आला, गर्दी कमी झाली, तर दोन वर्षांचं काम दोन-तीन हजारांत जाईल आणि तुम्हाला टाळ्या वाजवाव्या लागतील. पुन्हा करता येणारं काम विकायला द्यावं. हे पुन्हा करता येणार नाही.

तर मग वटवृक्ष थेट संग्रहालाच द्यावा का? ही कल्पना मला आवडते, पण आज नाही. कारण सरळ आहे : ज्या संग्रहालयाचं छत गळतं तिथे कागद देऊ नये. ओल, बुरशी, कसर आणि वाळवी ही कागदाची मरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. त्यात उजेडाची भर घाला. कागदावरची कामं साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) आत ठेवावीत असा संग्रहालयांतला प्रघात आहे, आणि त्याही उजेडात वर्षातले काही महिनेच. आपल्या घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेडसुद्धा बहुतेक वेळा याहून जास्त असतो. घोटीव आणि पतंगी कागदाचे रंग तर उन्हात एका मोसमात उडतात. गणपतीनंतर गॅलरीत राहिलेल्या पताका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेव्हा छत होऊ द्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग जाऊन बघा की कागद, पोथ्या, जुनी छायाचित्रं हे लोक कसं ठेवतात. कपाट उघडायला सांगा. वास घ्या. कुबट वास आला तर वटवृक्ष घरीच बरा.

तो द्यायची वेळ येईल तेव्हा आणखी एक गोष्ट लागेल, तीही आत्ताच बोलून ठेवते. रेखाटनं सासूबाईंची आहेत, म्हणजे तुमच्या नणंदेचा आणि दिरांचाही त्यात जीव असणार. पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आला आहे, सासूबाईंच्या आजारपणाच्या संदर्भात. त्यांना विचारल्याशिवाय ते काम घराबाहेर गेलं आणि त्यांना वर्तमानपत्रातल्या फोटोतून कळलं, तर जी कटुता येईल ती कुठल्याही छतापेक्षा दुरुस्तीला अवघड. फक्त परवानगी मागायची म्हणून फोन करू नका, सांगायचं म्हणूनही करा. त्यांच्याकडे सासूबाईंची आणखी रेखाटनं निघण्याचीही शक्यता आहे.

आता "कागदच तर आहे" याबद्दल. यजमानांवर रागावू नका. ज्या घरात दर भाद्रपदात मखर उभं राहतं आणि विसर्जनानंतर मोडून टाकलं जातं, तिथे कागदाकडे असंच बघितलं जातं. मोडण्यासाठीच केलेली कला आहे ती, आणि तिच्यात एक निरोगीपणाही आहे. पण तुम्ही साठ कामं मोडली नाहीत, जपलीत. ती का जपलीत, याचा विचार यजमानांनी केला नसावा.

पुण्याचं राजा केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या सहलींबरोबर पाहिलं असेलच. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, फण्या, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी, दौती, म्हणजे त्या वेळी लोक ज्यांना 'भांडंच तर आहे' म्हणत असतील त्याच वस्तू. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये 20,000 हून अधिक वस्तूंचा तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. तिथली कपाटं बघताना मला दरवेळी एक खंत वाटते, आणि ती त्या एका संग्रहालयाबद्दल नाही, घरगुती वस्तू मांडणाऱ्या सगळ्याच संग्रहालयांबद्दल आहे : वस्तू वाचते, करणाऱ्याचं नाव मात्र बहुतेकदा वाचत नाही. बाईने केलेली असेल तर जवळजवळ नाहीच.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मेरी डिलेनी या बाईंची कागदी फुलं आहेत. सत्तरी ओलांडल्यावर, 1770 च्या दशकात, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवायला सुरुवात केली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, त्यांनी जवळजवळ 1,000 वनस्पती अशा केल्या. बहुतेकींच्या मागे वनस्पतीचं नाव, तारीख, नमुना कुठून आला हे लिहून ठेवलं. कुटुंबाने तो संग्रह फुटू दिला नाही, आणि 1897 मध्ये वारसाकडून तो म्युझियमला मिळाला. कागद सव्वादोनशे-अडीचशे वर्षं टिकला तो एकत्र राहिला, अंधारात राहिला आणि मागे नोंद होती म्हणून. तुमच्या साठ कामांच्या मागे काय लिहिलं आहे, ताई? काही नसेल तर प्रदर्शनाचं काहीही ठरो, या आठवड्यात मऊ शिसपेन्सिलीने लिहायला बसा. नाव, साल, गाव, कुठल्या सणासाठी, नक्षी कुणाची. बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. आणि सेलोटेप कुठे लावली असेल तर ती पिवळी पडून कागद खाण्याआधी कुणा जाणकाराकडून काढून घ्या. स्वतः ओरबाडू नका.

मुलीचं म्हणणं मी हलकं समजत नाही. मांडव, चहा, छपाई, ध्वनिक्षेपक या सगळ्यांना संस्था पैसे देते, कारण त्यांनी बिल दिलेलं असतं. कलाकाराकडे बिल नसतं म्हणून त्याचं देणं कुणाला दिसत नाही. पण मुलीने काढलेला निष्कर्ष, म्हणजे देऊच नकोस, हा मला पटत नाही. तुम्हाला ते संग्रहालय प्रिय आहे. शाळेची मुलं घेऊन तुम्ही वर्षानुवर्षं तिथे जात होतात. त्याच्या छतासाठी काही करावंसं वाटणं ही तुमची स्वतःची इच्छा आहे आणि ती पुरी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. फक्त ते देणं दिसू द्या.

त्यासाठी मला एक पद्धत सुचते. कुठल्याही हस्तकलेच्या निधी-विक्रीत ती चालेल. समजा एक जाळीचं काम आहे, वहीच्या पानाएवढं. त्याला 12 तास लागले. ताशी 150 रुपये धरले (हे फार नाहीत, कमीच आहेत) तर श्रमाचे 1,800. कागद, माउंट (कामाभोवतीची जाड कागदाची कड) आणि चौकट यांचा खर्च 900. किंमत झाली 2,700. विक्रीनंतर 900 तुमचे परत, 1,800 संस्थेचे. कामाशेजारच्या पट्टीवर छापायचं : किंमत 2,700 रुपये, पैकी 1,800 रुपयांचे श्रम कलाकाराकडून छतनिधीला. घेणाऱ्याला कळतं की चौकटीला पैसे पडतात आणि हाताला तास लागतात. संस्थेला कळतं की तिला काय मिळालं. मुलीलाही कळेल. तुम्हाला 900 सुद्धा नको असतील तर तेही द्या, पण पट्टीवरून तो आकडा काढू नका.

किंमत इतक्या आग्रहाने सांगते याला आणखी एक कारण आहे, तुमच्या पत्रात नसलेलं. प्रदर्शन दिवाळीच्या तोंडावर आहे. त्याच दिवसांत तुमच्या शहरात कागदी कंदील, तोरणं, पताका करून विकणाऱ्या बाया रस्त्यावर बसलेल्या असतील. 2018 मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आल्यापासून कागदी मखरं करणाऱ्यांनाही पुन्हा काम मिळू लागलं आहे. तुमचं पेन्शन आहे, त्यांचं नाही. तुमची नाजूक जाळी संग्रहालयात 200 रुपयांना मिळाली, तर त्याच बघणाऱ्याला बाहेर 300 चा कंदील महाग वाटेल. स्वस्तात देण्याने संस्थेचं थोडं भलं होतं आणि या कलेवर पोट असणाऱ्यांचं नुकसान. म्हणून प्रत्येक कामाला किमान किंमत ठरवा आणि तिच्याखाली द्यायचं नाही हे आधीच सांगून ठेवा.

मग अटी घालणं कोतेपणाचं दिसेल का? दिसेल, कुणाकुणाला. पण हे अटीपेक्षा खुलासे आहेत, आणि नीट चालणाऱ्या संस्थेला ते हवेच असतात, कारण उद्या विश्वस्तांच्या बैठकीत हिशेब त्यांनाच द्यायचा असतो. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर नोंदणी क्रमांक तिच्या पावतीवर असतो. तुम्ही शाळेत सहलीचे पैसे गोळा करताना पालकांना पावती देत होतातच ना, त्याला कुणी कोतेपणा म्हणालं नसेल.

कुठले खुलासे मागायचे? न विकलेली कामं कधी आणि कुणी परत आणून द्यायची. ने-आणीत काच फुटली, कागद फाटला तर भरपाई कोण करणार. हॉलमध्ये रात्री कुलूप कुणाचं. पैसे छतासाठीच वापरले जातील का, आणि ते किती जमले हे कळवणार का. सगळ्यात महत्त्वाचं, पट्टीवर नाव कसं लिहिणार. 'एका स्थानिक गृहिणीची कला' असं काही चालवून घेऊ नका. तुमचं नाव, आणि जिथे नक्षी सासूबाईंची तिथे त्यांचंही.

नक्षीवरून आठवलं. काम विकलं म्हणजे त्याची नक्षी विकली असं होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीची वस्तू एकाची आणि तिच्या प्रती काढण्याचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो, आणि हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. पारंपरिक कमळ, मोर, कोयरी कुणा एकाची नाही, पण तुम्ही केलेली रचना तुमची आहे. सासूबाईंनी काढलेल्या रेखाटनांचा हक्क त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणूनही नणंदेशी बोलणं बरं. संस्थेने उद्या तुमच्या जाळीची शुभेच्छापत्रं छापायची म्हटली तर ती तुम्हाला विचारून छापावी लागतील. शिवाय हक्क देऊन टाकल्यावरसुद्धा कामाशी आपलं नाव जोडलेलं राहावं आणि कामाची मोडतोड होऊ नये, हे मागण्याचा कलाकाराचा अधिकार कायद्याने राखला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्याचे भाग खराब झाले, काही हरवले. त्यांनी खटला चालवला आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मी तुम्हाला कोर्टात जायला सांगत नाही. पण "एकदा दिलं की आपला संबंध संपला" असं जे तुम्ही धरून चालला आहात ते कायदासुद्धा मानत नाही, एवढं लक्षात असू द्या.

आणि याच कायद्यात तुमच्यासाठी एक चांगली वाटही आहे. मूळ कामं न देता छापण्याची परवानगी द्या. वटवृक्ष घरीच राहील, नणंद-दिरांची संमती घेऊन त्याचं उत्तम छायाचित्र काढून संस्थेने 500 शुभेच्छापत्रं छापावीत, दिवाळीपर्यंत विकावीत, आणि मागच्या बाजूला तुमच्या दोघींची नावं असावीत. परवानगीच्या कागदावर किती प्रती आणि किती मुदत हे नक्की लिहा. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. 30-40 रुपयांचं पत्र घेणारी माणसं 3,000 ची चौकट घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे कागदाचं कोण घेणार ही तुमची भीतीही थोडी कमी होईल. निधीच्या दृष्टीने मला हा पर्याय लिलावापेक्षा उजवा वाटतो.

दुसरी वाट तुमच्या जुन्या पेशातली. संग्रहालयाच्या अंगणात एका रविवारी कातरकामाचा वर्ग घ्या. शुल्क संस्थेला, कागद आणि कात्र्या संस्थेच्या. तुम्ही 30 वर्षं मुलांच्या हातात कात्री दिली आहे, हे काम तुमच्याइतकं कुणाला येणार नाही. त्यातून निघालेली सात-आठ मुलं पुढच्या गणपतीत स्वतःचं मखर कापतील. एका छोट्या संग्रहालयाला अशी माणसं छताइतकीच लागतात.

करसवलतीबद्दल मुलाने विचारलं आहे, त्याचं उत्तर थोडक्यात. 80जी म्हणून आपण जी सवलत ओळखतो ती पैशाच्या देणगीला मिळते, वस्तू दिली तर नाही. आणि नव्या करप्रणालीत तुम्ही असाल तर मिळतच नाही. तुम्ही स्वतः काम विकून आलेले पैसे धनादेशाने दिलेत आणि संस्थेकडे ती मान्यता असेल तर प्रश्न वेगळा, पण मग विक्रीचं उत्पन्नही तुमचंच धरलं जाईल. एवढ्या रकमेसाठी यावर डोकं शिणवू नये असं मला वाटतं.

उरली शोभा. कुणी घेतलं नाही तर? शक्य आहे. अशा प्रदर्शनांत लोक ओळखीच्या माणसाचं घेतात, रंगीत घेतात, भिंतीच्या मापाचं घेतात. घेतलं गेलं नाही याचा अर्थ काम कमी प्रतीचं असा नसतो, पण त्या संध्याकाळी ते तसंच वाटतं, हेही खरं, आणि मी ते नाकारणार नाही. म्हणून 20 देऊ नका. सहा द्या. लहान द्या, पुन्हा करता येतील अशी द्या, आणि शक्यतो नवी करून द्या. श्रावण-भाद्रपदात तसाही तुमचा हात चालू असतो. सहातली दोन राहिली तर घरी येतील, कुणाच्या लक्षातही येणार नाही. 20 पैकी 14 राहिली तर टेबलभर दिसतील. लिलावात एकही ठेवू नका. लिलावात बोली लावणाऱ्यांची चुरस लागते, तुमच्या शांत कामाला ती जागा नाही.

नवी करताना कागद जरा बघून घ्या. पुण्याच्या शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे. तिथे मिळणारा, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद बाजारातल्या लाकडी लगद्याच्या स्वस्त कागदापेक्षा खूप उशिरा पिवळा पडतो. जाळीसाठी पातळ जाडीचा मागा. चौकटवाल्याला सांगा की काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटचं अंतर हवं, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो. मागे पुठ्ठ्याऐवजी आम्लविरहित बोर्ड घालायला लावा, थोडे पैसे जास्त पडतील. हे सगळं त्या 900 च्या खर्चात धरा.

कार्यवाहांना काय कळवायचं, याचा एक मसुदा देते. तुमच्या भाषेत बदलून घ्या :

"सादर नमस्कार. छताच्या कामाला हातभार लावायला मला मनापासून आवडेल. विक्रीसाठी मी सहा नवी कातरकामं देईन. प्रत्येकाची किमान किंमत सोबतच्या यादीत आहे. त्याखाली विकू नयेत. कागद-चौकटीचा खर्च मला परत मिळावा, उरलेली सर्व रक्कम छतनिधीला. न विकलेली कामं प्रदर्शन संपल्यापासून आठ दिवसांत घरपोच मिळावीत. वटवृक्ष विक्रीसाठी देता येणार नाही, पण त्याची शुभेच्छापत्रं छापायची असल्यास परवानगी देईन, त्याबद्दल भेटून लिहून ठेवू. एका रविवारी मुलांसाठी वर्गही घेईन. पट्टीवर नावं कशी लिहायची ते यादीत दिलं आहे."

हे व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी चालेल, पण त्यांचं "हो" लेखी येऊ द्या. "ताई, तुम्ही आमच्या घरच्याच, लिहायला कशाला हवं" असं ते म्हणतील. तेव्हा हसून म्हणा की माझी मुलगी हिशेब ठेवते, तिला कागद लागतो. ती आनंदाने ठेवेल; तिच्या रागाला तेवढं काम मिळायलाच हवं.

आणि सहा नकोत, आम्हाला वटवृक्षच हवा असं ते म्हणाले, तर छतनिधीला जमेल तेवढ्या रकमेचा धनादेश द्या, पावती घ्या, आणि सहा कामं पुढच्या वर्षासाठी वहीत ठेवा. पण कार्यवाहांना निरोप धाडण्याआधी नणंदेला फोन करा.